तिसरं चाक जळालं तेव्हा

गस्टीनं चाक काढलं आणि आधी नाकाला लावलं.

"हुंग," म्हणाला.

मी हुंगलं. जळक्या रबराचा वास. मुठीएवढं चाक, सहा पात्यांचं. नावेच्या मागे लावलेल्या मोटारीच्या पायात बसवलेलं असतं, नदीचं पाणी वर खेचतं आणि मोटार गार ठेवतं. खेचलेलं पाणी मागून बारीक धारेनं बाहेर पडतं. आमच्या गावात नावेत चढणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "मुततेय का नीट?" मुतत असेल तर निघायचं. माझी सोमवारी मधेच थांबली, मोटार तापल्याचा भोंगा कोकलला, आणि मी वल्ही मारत घरी आले. चाळीस घोड्यांची मोटार मागे लटकवून दोन मैल वल्ही मारली की माणूस कुणाशीच गोड बोलत नाही.

"तिसरं," गस्टी म्हणाला. "जूनपासून तिसरं. लुके, तू मोटार चालवतेस की तिचा रस्सा शिजवतेस?"

गस्टी माझा आतेभाऊ. आमच्याकडे आते-मामे भावंडांना टर उडवायची मुभा असते. मुभा कसली, ते कामच असतं त्यांचं. एरवी कुणी कुणाच्या तोंडावर चूक सांगत नाही, वयानं मोठ्या माणसाला तर नाहीच. मग चूक कळायची कशी? आतेभाऊ हसत हसत चारचौघांत सांगतो. आपणही हसायचं, घरी यायचं आणि पुन्हा तसं करायचं नाही. मला हसणं कधी जमलं नाही. माझं तोंड आधी सुटतं.

"तूच नीट बसवलं नसशील," मी म्हटलं. "दुकानदारानं सडकं रबर दिलं असेल. आणि या नदीत पाणी कमी नि गाळ जास्त. कशानंही होईल. मी काय केलंय?"

"गाळानं झिजलेलं हे बघ." त्यानं डब्यातून स्वतःच्या मोटारीचं जुनं चाक काढलं. त्याच्या पात्यांच्या कडा गुळगुळीत, पातळ झाल्या होत्या. "आणि हे तुझं." माझ्या चाकाची पाती वितळून वाकडी झाली होती, एक तर मुळातूनच तुटलं होतं. "हे झिजलेलं नाही, भाजलेलं आहे. पाण्याशिवाय फिरलं की रबर धातूला घासतं. अर्ध्या मिनिटात भाजायला लागतं, आणि पुन्हा पुन्हा भाजलं की एक दिवस तुटतं. कुणीतरी तुझी मोटार काठावर कोरडी चालवतंय."

"कोण?"

"ते मला काय ठाऊक? तुझ्या मोटारीवर प्रेम करणारं कुणीतरी."

असं म्हणून तो खिदळला. मी दोन्ही चाकं शेजारी शेजारी धरून बघत राहिले. आजवर मला वाटायचं, बिघडलं म्हणजे बिघडलं. एक चाक झिजून मेलं आणि दुसरं भाजून मेलं, हे बघूनच कळतं, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. भांडण बाजूला राहिलं आणि मला त्या चाकाचं कुतूहल वाटायला लागलं.

पण कुतूहलापायी थांबायला वेळ नव्हता. या हंगामात सरकारनं मासेमारी दोनदाच उघडली होती, बारा-बारा तास. दोन्ही वेळा मी मधूनच परतले. शेजारणींच्या दांड्यांवर लाल सॅल्मनच्या पट्ट्या रांगेनं वाळत होत्या. माझ्या दांड्यांवर कावळे बसायचे आणि काही नाही म्हणून उडून जायचे. गुरुवारी सहा ते सहा शेवटची संधी होती, रेडिओवर तसं सांगून झालं होतं. तो दिवस गेला असता तर घरात वर्षभर सुका मासा नसता. दुकानातल्या डब्यातला मासा अप्पा खात नाहीत. दात नाहीत म्हणतात, पण खरं म्हणजे त्यांना तो मासाच वाटत नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. आमच्या भाषेत अप्पा म्हणजे आजोबा; माझ्या मुलींचे आजोबा म्हणून अप्पा, आणि मुली शहरात गेल्या तरी आमच्या घरात ते अप्पाच राहिले. वय अठ्ठ्याहत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू, कानांना जाड आवाज ऐकू येतात, बारीक येत नाहीत. आई गेल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून ते नावेत बसलेले नाहीत. खिडकीशी बसतात, नदीकडे तोंड करून. मी त्यांच्याशी हळू बोलते, चहा हातात देते, पायात मोजे घालते.

मंगळवारी संध्याकाळी गस्टीनं स्वतःच्या सामानातलं शेवटचं चाक माझ्या मोटारीत बसवलं. चार बोल्ट काढले, पाय खाली उतरवला, चाकाला साबणाचं पाणी लावून पाती एकाच बाजूला वळतील अशी दाबून बसवली. या वेळी मी त्याच्या हातांकडे नजर लावून बसले होते.

"हे गेलं तर माझ्याकडे दुसरं नाही," तो म्हणाला. "विमानानं मागवलं तर पुढच्या बुधवारी येईल."

"बरं."

"नुसतं बरं? ओरड की. मला भीती वाटते तू गप्प असलीस की."

मी खरंच गप्प होते, कारण माझं डोकं चाललं होतं. कुणीतरी चालवतंय, मग तेल कमी व्हायला हवं, तर तेल जवळपास होतं तेवढंच. नाव जागची हललेली नव्हती, दोरीची गाठही माझीच. आणि एक गोष्ट आठवली. सकाळी माझी मोटार पहिल्याच फेरीत सुरू व्हायची. शेजारचे लोक चावी फिरवून फिरवून वैतागायचे आणि मी मान ताठ करून त्यांच्यासमोरून निघायचे. एकदा झाकणावर हात ठेवला तर कोमट लागलं. उन्हानं तापलं असेल म्हटलं. आमच्याकडे जूनमध्ये पहाटे पाचलाही ऊन असतं. पण नावेचा पत्रा मात्र गार होता. तेव्हा मी त्यावर विचार केला नाही, आता केला.

रात्रीच्या जेवणाला, उघड्या खिडकीतून वाटेवर ऐकू जाईल अशा बेतानं, मी मोठ्यानं म्हटलं, "उद्या सकाळी लाकडं आणायला जाते." मग काठावर जाऊन मोटारीची लाल दोरी काढून आणली. चालवणाऱ्यानं ती मनगटाला अडकवायची असते. माणूस पाण्यात पडला की दोरी निघते आणि मोटार जागीच बंद होते. मी ती कधी अडकवत नाही, मोटार वळवायच्या दांड्याला गुंडाळून ठेवते. पण तिची कडी बटणात नसेल तर मोटार सुरूच होत नाही. ती खिशात टाकली आणि म्हटलं, ये बाबा, कोण आहेस तो.

बुधवारी पहाटे मी पारास्काच्या घरी जाऊन बसले. तिची खिडकी थेट काठावर उघडते. पारास्का ऐंशीच्या पुढची. अप्पांची मामेबहीण. आमच्या रिवाजाप्रमाणे ती त्यांना सगळ्या गावासमोर "छोटे नवरोबा" म्हणते आणि ते तिला "माझी बारकी बायको". माझी आई असतानाही म्हणायचे, आणि आई सगळ्यांत जास्त हसायची.

पारास्कानं मला चहा दिला. मी चोराबद्दल सांगायला लागले, तर ती तळलेली पोळी चावत नुसती बघत राहिली.

"बस," म्हणाली. "येईलच आता."

"कोण? तुला माहितेय?"

"तू विचारलंस का मला कधी?"

पाणी उतरलं होतं. समुद्राची ओहोटी नदीतून आमच्या गावापर्यंत पोचते. माझी नाव मागच्या बाजूनं चिखलावर टेकली होती, मोटार मी वर उचलून ठेवली होती तशीच, पंखा हवेत. आणि वाटेनं अप्पा आले. एका हातात काठी, दुसऱ्या हातात चहाचा कप. पाय अंदाजानं टाकत, पण कप सांडू न देता. नावेत चढले. कप फळीवर ठेवला. चावी फिरवली.

मोटार सुरू झाली नाही.

पुन्हा फिरवली. कान झाकणाला लावला. मग हातानं बटण चाचपलं, दोरी चाचपली, खाली वाकून फळीखाली चाचपलं.

खरं सांगते, मला आधी राग आला. तीन चाकं, दोन हुकलेले दिवस, वल्ही मारून फाटलेले खांदे. मी दाराकडे निघालेच होते. पारास्कानं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं.

"थांब," म्हणाली. "बघ तरी."

अप्पांनी अंगातलं जाकीट काढलं. मोटारीच्या झाकणाभोवती गुंडाळलं, बाह्यांची गाठ मारली, आणि वर दोनदा थोपटलं. मग पातळ सदऱ्यावर तिथेच बसून राहिले, चहा संपेपर्यंत.

"तू जायची असलीस की रोज येतो," पारास्का म्हणाली. "चहाचा कप संपेतो चालू ठेवतो, मग बंद करून घरी जातो. तुझी आई दवाखान्यात कामाला होती ना? चाळीस हिवाळे रोज सकाळी तिची बर्फगाडी असाच तापवायचा. ती बाहेर यायची तेव्हा गाडी गरम आणि हा गोठलेला."

आता सगळं जुळलं. बर्फगाडी वाऱ्यानं गार होते. तिला जमिनीवर कितीही वेळ चालू ठेवा. थंडीत तापवल्याशिवाय निघालात तर उलट तीच मोडते, आमची पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकतात. अप्पांच्या हातांना तेच ठाऊक. पूर्वी आमची मोटार पाण्यात सोडलेली असायची, ते सुरू करायची दोरी ओढायचे नि निघायचे, कोरडी चालवायची वेळच आली नाही. आता चिखलावर मोटार सुरू करत होते, डोळ्यांना धार पडतेय की नाही ते दिसत नव्हतं, आणि भोंगा वाजला असेल तरी तो बारीक आवाज त्यांच्या कानात शिरत नव्हता. माझी माया करता करता ते माझी मोटार जाळत होते.

"तूच सांग त्यांना," मी पारास्काला म्हटलं. "तुला मुभा आहे. मी कसं सांगू?"

तिनं माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं बघितलं. "तू? दुकानदार तुला बघून मागच्या दारानं पळतो, ती तू?"

"अप्पांना लागेल."

"बरं बाई," ती म्हणाली. "सांगते."

दुपारी ती आमच्याकडे आली. गस्टीही आला, मीच बोलावलं होतं, कारण ऐकणारं कुणी नसेल तर टर उडवण्यात काय अर्थ आहे? पारास्का अप्पांच्या समोर बसली, गुडघ्यावर हात ठेवून.

"छोटे नवरोबा, आज सकाळी मी एक म्हातारा बघितला."

"डोळे शाबूत दिसतात तुझे," अप्पा म्हणाले.

"काठावर बसून बदकाला पोहायला शिकवत होता. चिखलात! बदक बिचारं पाय मारतंय, पाय मारतंय. पायांची कातडी जळून गेली त्याची. तीन बदकं संपवली म्हणे या उन्हाळ्यात."

गस्टीला ठसका लागला. मी भांडी घासत पाठ करून उभी होते.

"कोण म्हातारा?" अप्पांनी विचारलं.

"ओळखीचा वाटला. टोपी तुझ्यासारखी होती. जाकीट मात्र नव्हतं अंगात, बदकाला घातलं होतं."

अप्पांनी कप खाली ठेवला.  मग म्हणाले, "बदकाला पाणी लागतं होय, नुसतं पाय हलवायलासुद्धा?"

"लागतं, अप्पा," गस्टी म्हणाला. "आतलं चाक पाण्यावरच फिरतं. पाणी नसलं की भाजतं."

"बर्फगाडीला लागत नाही."

"बर्फगाडी बदक नाही, नवरोबा!" पारास्का ओरडली, आणि ती नि गस्टी पोट धरून हसले. अप्पाही हसले, रिवाजाप्रमाणे. पण संध्याकाळी जेवले नाहीत आणि लवकर आडवे झाले.

गुरुवारी मी पाच वाजता उठले तर त्यांचं अंथरूण रिकामं. लाल दोरी मी खुंटीला अडकवली होती, तीही नव्हती.

मी पायात बूट अर्धवट घालून धावले. वाटेतच मोटारीचा आवाज आला.  शेवटचं चाक, शेवटचा दिवस. तोंडातून काय काय निघालं ते सांगत नाही.

काठावर पोचले. पाणी चढलेलं होतं. नाव ढकलून पाण्यात घेतलेली, पुढची दोरी खुंटाला पक्की, मोटार पूर्ण खाली, पंखा खोल पाण्यात. अप्पा मागच्या फळीवर बसले होते, अंगात तरंगायचं केशरी जाकीट, आणि एक हात बाहेर काढून धारेखाली धरला होता.

"मुततेय," म्हणाले. "आधी गार होती, आता कोमट आहे. असंच पाहिजे ना?"

"असंच," मी म्हटलं.

"मग चढ. मी येतोय."

"अप्पा, बारा तास आहेत. दमाल तुम्ही."

"दोरी अडकव हाताला," ते म्हणाले, आणि लाल दोरी माझ्यापुढे धरली. मी मुकाट्यानं अडकवली.

दिवस चांगला गेला. जाळं सोडायचं, प्रवाहाबरोबर वाहत जायचं, ओढून घ्यायचं, मासे काढायचे, पुन्हा वर जायचं. अप्पांना जाळं दिसत नव्हतं, पण बोटांना मासा सोडवायचा विसर पडलेला नव्हता. मोटार चालू असली की हात धारेखाली. दुपारी वाळक्या माशाऐवजी बिस्किटं खाल्ली, तीही डाव्या हातानं, उजवा बाहेर. चार वाजेपर्यंत तळाची फळी दिसेनाशी झाली. आणखी एक फेरी झाली असती तर हिवाळ्याला मासे पुरले असते. मी वेग वाढवला आणि वाळूच्या पट्ट्याच्या वरच्या अंगाला निघाले.

"बंद कर," अप्पा म्हणाले.

"काय झालं?"

"बंद कर मोटार."

"भोंगा वाजला नाही, अप्पा. एकच फेरी राहिलीय. बसा तुम्ही."

त्यांनी हात पुढे केला, माझ्या मनगटापासून बटणापर्यंत दोरी चाचपत नेली, आणि कडी उपटली. मोटार मेली. नाव भरलेली, प्रवाह जोराचा, खाली वाळूचा पट्टा. माझ्या घशाशी जे आलं ते मी गिळलं. नांगर टाकला. तो तळाला रुतला.

"असं करू नये, अप्पा," मी हळूच म्हटलं.

"धार बारीक झाली होती. आणि कढत."

मी मोटार वर उचलली. पाणी आत घ्यायची जाळी दिसत नव्हती. तिच्यावर मेणकापडाचा फाटका तुकडा चिकटला होता आणि त्यावर गवताचा गुंता. गाळात वाहून आलेलं कुणाच्या तरी तंबूचं कापड. मी ते ओढून काढलं. आणखी मिनिटभर तशीच दामटली असती तर गस्टीचं शेवटचं चाकही भाजलं असतं, आणि आम्ही मासे, जाळं घेऊन पट्ट्यावर आदळलो असतो.

कापड हातात घेऊन मी बसले. मोटार बंद पडल्यावर नदी केवढी शांत होते.

"तीनही मीच जाळली ना?" अप्पांनी विचारलं.

"हो."

"तुला कधी कळलं?"

"काल सकाळी. पारास्काच्या खिडकीतून बघितलं."

"मग पारास्काला का पाठवलंस?"

"तुम्हाला लागलं असतं."

"बदकाचं लागलं नाही," ते म्हणाले. "छान सांगितलं तिनं. मला लागलं ते दुसरंच. तू गस्टीवर ओरडलीस. दुकानदारावर ओरडलीस. परवा नदीवर ओरडत होतीस, मी ऐकलं. ज्यानं खरंच जाळली त्याच्यावर नाही ओरडलीस." त्यांनी ओला हात मांडीला पुसला. "तुझी आई गेल्यापासून एकदाही नाही. आजाऱ्याशी बोलतात तसं बोलतेस. मोजे घालतेस. मी आहे ना अजून घरात, लुके? का नाही?"

 मला वाटायचं मी त्यांना जपते. तीन वर्षं मी त्यांच्याशी धड भांडलेसुद्धा नव्हते, आणि तेवढी वर्षं ते खिडकीशी बसून घरभर माझा आवाज शोधत होते. रडूच आलं मला. मग रडण्याच्या मागून दुसरं आलं.

"तीन चाकं!" मी ओरडले. "तीन, अप्पा! मोटार वर उचललेली, पंखा हवेत, चिखलात नाव, आणि तुम्ही चहा पिताय! दोन मैल वल्ही मारली मी! माझे खांदे बघा! गावभर मी लोकांचे बाप काढत फिरतेय, आणि माझाच बाप—! विचारायला काय होतं? एकदा विचारायचं, लुके, मोटार तापवू का? जीभ झडली होती?"

पलीकडच्या नावेतली माणसं वळून बघायला लागली. गस्टीही होता त्यांत, तोंड उघडं टाकून.

"आणि थंडीत जाकीट काढून ठेवता! न्यूमोनिया झाला असता म्हणजे? मोटारीला सर्दी होते का? होते का सर्दी?"

"नाही होत," अप्पा म्हणाले. त्यांनी कडी बटणात बसवली, दोरी माझ्या मनगटाला आवळली आणि चावी फिरवली. मोटार सुरू झाली. त्यांनी हात बाहेर काढून धारेखाली धरला, तोंड माझ्याकडे वळवलं. चेहरा इतका खुलला होता की मला त्याचाही राग आला.

"पुढं?" त्यांनी विचारलं.

पुढं पुष्कळ होतं. मी नांगर उचलला आणि सांगायला लागले.